जाळी फुटली की फोडली

जुनी गाडी विकणाऱ्याच्या घरी चहा कधी येतो, यावरून बरंच कळतं. गाडीत दोष नसेल तर माणूस आधी किल्ली पुढे करतो. दोष असेल तर आधी बसायला सांगतो, पंखा लावतो, आतल्या खोलीकडे तोंड करून ‘अगं, चहा टाक’ म्हणतो आणि या गाडीतून आपण कुठल्या कुठल्या देवाला जाऊन आलो ते सांगू लागतो. जितके देव जास्त, तितकं जास्त खाली वाकून इंजिन पाहावं लागतं.

जुन्या गाड्या तपासून देणं हे माझं काम. घेणारा मला बोलावतो. विकणाऱ्याला मी नको असते. त्याआधी मी एका दैनिकात होते; सुरुवातीला बातम्यांच्या टेबलावर, नंतर वाहनांच्या पुरवणीत. पुरवणी बंद पडली तेव्हा गाड्यांची माहिती आणि संशय घेण्याची सवय एवढंच बरोबर घेऊन बाहेर पडले. दोन्ही उपयोगी पडलं. आमच्या मुख्य उपसंपादकांचा एक नियम होता: पाहिलं ते लिहा, ऐकलं ते कुणाकडून ऐकलं तेही लिहा, आणि वाटलं ते घरी घेऊन जा. गाडीच्या अहवालाला मी तोच नियम लावते. घरी न्यायचं बरंच साठतं, ही गोष्ट वेगळी.

धुतलेलं इंजिन दिसलं की मी तेलगळती शोधते. पुसलेल्या जागेवर काहीतरी होतं, एवढं पुसण्यावरूनच कळतं. गाडीत अत्तराचा वास आला तर पायाखालचा गालिचा उचलते. पुराचं पाणी शिरलेल्या गाडीचा वास अत्तराने झाकतो, गंज झाकत नाही. ‘मॅडम, नवरापण असाच तपासून घेतला होता का?’ असं सिंहगड रस्त्यावरच्या एका गृहस्थांनी विचारलं होतं. त्यांच्या गाडीचा पुढचा अर्धा भाग दुसऱ्या गाडीचा निघाला.

अलीकडच्या डिझेल गाड्यांनी या संशयाला एक नवी जागा दिली. तिचं नाव डीपीएफ. गॅरेजमध्ये तिला सरळ जाळी म्हणतात. गाडीखाली, धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या वाटेत, एक पत्र्याचा डबा असतो. डब्याच्या आत चिनीमातीच्या जातीचा एक ठोकळा असतो, मधाच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा. एक भोक पुढून बंद, त्याच्या शेजारचं मागून बंद. त्यामुळे धुराला मधल्या भिंतीतून झिरपूनच बाहेर पडावं लागतं आणि काजळी भिंतीवर अडकते. म्हणजे ही गाळणीच. चहाऐवजी धूर गाळणारी.

गाळणी भरते. ती मोकळी करण्याची सोय गाडीतच केलेली असते. लांबच्या रस्त्यावर गाडी वेगात चालत राहिली की जाळी खूप तापते आणि अडकलेली काजळी जळून जाते. अडचण इथेच आहे. पुण्यात गाडी तापत नाही, चालवणारा तापतो. घरातून मंडई, मंडईतून घरी. शिवाय डिझेल वाचावं म्हणून प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद. गाडी नुकती कुठे काजळी जाळायला लागलेली असते, तेवढ्यात मालक उतरून भाजी घ्यायला जातात. असं बरेच दिवस झालं की समोर एक पिवळा दिवा लागतो. गाडीचा जोर कमी होतो. मालक गॅरेजमध्ये जातात, नव्या जाळीची किंमत ऐकतात, घरी येतात आणि मोबाईलवर व्हिडिओ पाहतात.

पुढचा सगळा उद्योग त्या व्हिडिओतून सुरू होतो. बाणेरच्या एका संगणक अभियंत्याने जाळीवरच्या एका छोट्या भोकातून आत फवारा मारायचा, एवढंच पाहिलं होतं. किती मारायचा ते पाहायचं राहिलं. गाडी सुरू केल्यावर मागच्या नळीतून फेस आला आणि सोसायटीच्या पार्किंगभर पसरला. शेजाऱ्यांना वाटलं, हा गुपचूप काहीतरी रसायन ओततोय. त्यांनी आधी पाण्याच्या टाकीवर पहारा बसवला आणि मग त्याला विचारलं. लोणी काळभोरचे एक रोपवाटिकावाले पिकअपची जाळी काढून भांडी घासायच्या साबणात भिजत घालून बसले होते. मी गेले तेव्हा टबातलं पाणी शाईसारखं झालेलं. ‘तवा कसा घासतो, तसंच हाय की हे,’ ते म्हणाले. ‘तुमास्नी येवढा कसला संशय येतोय?’ मला साबणाचा संशय नव्हता. ते टबाबाहेर सांडलेली कोरडी काजळी तोंडाला काही न बांधता फुंकरीने उडवत होते. ही पूड छातीत जाते आणि परत येत नाही, हे सांगितल्यावर त्यांनी तोंडाला गमछा बांधला आणि साबणाने घासणं चालूच ठेवलं.

या दोन्ही जाळ्या वाचल्या. लोकांचं नुकसान व्हायला व्हिडिओ पुरत नाही, स्वतःचं काहीतरी ज्ञान लागतं. ते कसबा पेठेत पाहिलं.

मला बोलावलं होतं राजेश मेश्राम यांनी. मूळचे भंडाऱ्याचे, पुण्यात एका सरकारी कार्यालयात हिशेब विभागात. आईवडील गावी एकटे. दर महिन्या-दीड महिन्याने त्यांना भेटायला जायचं, तर एक दणकट गाडी हवी होती. कसबा पेठेतली एक डिझेल गाडी त्यांना आवडली होती आणि आवडली म्हणूनच ते घाबरले होते.

‘मॅडम, मी इथं एकदा फसलो आहे न,’ ते फोनवर म्हणाले. ‘फ्लॅट घेतला, त्याचं पार्किंग दाखवलं. ताबा घेतला तेव्हा पाहतो तर मधोमध खांब. एजंटला म्हटलं, हा तेव्हा नव्हता. तो म्हणे, होता की. मग आठवलं. पार्किंग दाखवताना सारा वेळ तो स्वतःच त्या खांबासमोर उभा होता.’

गाडी विकत होते अण्णा पिंपळकर. तांबट. तीन पिढ्या तांब्याची भांडी ठोकणारं घर. खाली कारखाना, वर बिऱ्हाड. गाडी त्यांच्या मुलाची. तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि गाडी इथेच राहिली. अण्णा ती पेठेतल्या पेठेत हंडे आणि बंब पोचवायला चालवत.

त्या आळीत बोलायचं तर दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत बोलावं लागतं. आम्ही गेलो तेव्हा अण्णा एका घंगाळावर ठोके घालत होते. ठोके एका सरळ ओळीत, एकसारख्या अंतरावर पडत होते. या आधी वर्तमानपत्रात होत्या, आता गाड्या तपासतात, अशी मेश्रामांनी माझी ओळख करून दिली. मान वर न करता अण्णांनी खिशातून किल्ली काढली आणि मेश्रामांच्या हातात दिली.

‘गल्लीच्या तोंडाशी उभी आहे. चालवून बघा. काय असेल ते लवकर सांगा, मला काम आहे.’

चहा आला नाही. माझ्या हिशेबाने गाडी निर्दोष असायला हवी होती.

तशी ती जवळपास होतीही. रंग मूळचा, टायर एकसारखे झिजलेले, इंजिन न धुतलेलं. शेवटची गोष्ट मला सगळ्यात आवडली. मग सवयीप्रमाणे मी पिशवीतून पांढरं फडकं काढलं, बोटाला गुंडाळलं आणि मागच्या धुराच्या नळीत आतून फिरवलं. जाळी शाबूत असेल तर ही नळी आतून आश्चर्य वाटावं इतकी स्वच्छ असते. सगळी काजळी आधीच अडलेली असते. फडकं काळं आलं.

गाडीला यंत्र जोडून जाळीच्या पुढचा आणि मागचा दाब पाहिला. गाळणी म्हटली की धुराला थोडा तरी अडथळा व्हायला हवा. इथे जवळजवळ काहीच नव्हता. धूर मोकळ्या रस्त्याने चालला होता. मग खाली वाकून बॅटरीने डबा पाहिला. पत्र्यावर निळसर-तपकिरी झाक होती, पत्रा कुणीतरी खूप तापवल्यावर येते तशी.

या तीन गोष्टी एकत्र आल्या की आमच्या धंद्यात एकच अर्थ निघतो. काही गॅरेजवाले भरलेली जाळी साफ करत नाहीत. डबा कापतात, आतला ठोकळा फोडून फेकून देतात आणि रिकामा डबा पुन्हा जोडून बसवतात. दिवा विझतो, गाडी जोरात पळते, आणि सगळी काजळी मागून चालणाऱ्याच्या छातीत जाते. हे बेकायदा आहे आणि राजरोस चालतं. बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही, कारण डबा जागेवरच असतो. खांबासमोर उभा राहिलेला एजंटच म्हणा.

आम्ही कारखान्यात परत आलो. ‘अण्णा, जाळीचं काही काम केलंत?’ मी विचारलं.

‘केलं की,’ ते म्हणाले. ‘दिवाळीआधी दिवा लागायला लागला होता. मीच मोकळी केली. घरी.’

मेश्रामांनी माझ्याकडे पाहिलं. गॅरेजच्या भाषेत ‘जाळी मोकळी केली’ याचा अर्थ आत काही ठेवलं नाही, असाच होतो. इतक्या सहजपणे कुणी कबूल करत नाही, म्हणून मला उलट जास्तच संशय आला.

‘म्हणजे आतला ठोकळा काढला?’

‘काढीन कशाला?’

‘मोकळी केली म्हणालात.’

‘मोकळी! रिकामी नव्हे!’ अण्णांनी हातोडी खाली ठेवली. ‘नळ तुंबला तर आपण मोकळा करतो, म्हणजे नळ काढून फेकतो का? कुठल्या वर्तमानपत्रात होता तुम्ही?’

समोरच्या ओट्यावर बापू बसले होते. अण्णांचे शेजारी, त्याच आळीतले, आता काम सोडलेले आणि त्यामुळे कामात लक्ष घालणारे. ते म्हणाले, ‘अण्णा, जपून. बाईंनी गाडीच्या मागच्या नळीत बोट घातलंय. आता तुझी पाळी.’

‘अहो, थट्टा काय करता,’ मेश्राम म्हणाले. ‘मला इतकंच सांगा, आत आहे की नाही?’

‘आहे.’

‘काहून मानायचं?’

अण्णांनी हातोडी पुन्हा उचलली आणि तशीच धरून ठेवली. ‘काहून’ त्यांना कळलं नव्हतं असं नाही. त्यांना तो प्रश्नच कळला नसावा. ‘मी सांगतोय म्हणून,’ ते म्हणाले. ‘या घरातून गेलेलं भांडं कधी परत आलेलं नाही. बापूला विचारा.’

‘आलेलं नाही,’ बापू म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते थट्टा करत नव्हते.

तोंडी हमीने मेश्रामांचं समाधान झालं नाही; ते गाडी पुन्हा पाहायला गल्लीच्या तोंडाशी गेले. मग अण्णांनी काय केलं ते मला सांगितलं. नाना पेठेतल्या सुभाषच्या गॅरेजमधून डबा सोडवून आणला. तांबं ठोकून ठोकून कडक होतं, तेव्हा ते भट्टीत लाल करतात आणि तसंच पाण्यात सोडतात. तापून तांबं मऊ होतं आणि पाण्यात पडताच अंगावरचं सगळं काळं टाकून देतं. वरचा काळा पापुद्रा आपोआप सुटतो, घासावं लागत नाही. हे ते लहानपणापासून करत आले. जाळीतही काळंच अडकलंय, म्हणाले. भट्टी पेटवली, डबा निखाऱ्यांवर धरला, आतली काजळी लाल होऊन जळताना भोकांतून दिसली. चांगला तापला तेव्हा चिमट्याने उचलून टाकीत सोडला.

‘काय फसफसलं म्हणून सांगू,’ बापू म्हणाले. ‘सगळी आळी बघायला आली होती. पाणी हे असं काळं.’

‘डबा उचलला तर हलका लागला,’ अण्णा म्हणाले. ‘सुभाषने बसवला. दिवा गेला. गाडी अशी उचलायला लागली की, नवी घेतली तेव्हा उचलत नव्हती.’

इतकी चांगली हकिगत ऐकली की मी सावध होते. टेबलावर असताना असंच व्हायचं. ज्या बातमीत सगळं जुळतं ती आधी परत पाठवली जायची. पत्र्यावरची झाक भट्टीची असू शकते, तशी डबा कापून जोडणाऱ्याची पण असू शकते. सगळी आळी आली होती असं सांगणाराही एकच, तो शेजारी. आणि डबा सोडवणारा सुभाष त्यांचाच माणूस. मी तसं तोंडावर सांगितलं नाही. डब्याच्या आत कॅमेरा घालून पाहावं लागेल, एवढंच म्हणाले.

‘घाला,’ अण्णा म्हणाले. ‘आत्ता घाला. मी पण येतो. पण आत सापडलं तर या साहेबांनी आळीत उभं राहून सांगायचं, की अण्णा खोटं बोलत नव्हता. ठोकळा नसला, तर मी उद्यापासून हातोडी धरत नाही.’

मेश्राम चालवायला बसले, मी त्यांच्या शेजारी. अण्णा मागे. नाना पेठेत सुभाषकडे निघालो; जाळी त्यानेच काढली आणि बसवली होती, एवढं मी मेश्रामांना सांगितलं. सिग्नलला मेश्रामांनी इंजिन बंद केलं, तेव्हा मागून आवाज आला, ‘बंद करू नका. त्यानंच भरते ती.’ हे त्यांना मागाहून कुणीतरी सांगितलेलं असावं.

सुभाष चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस. गाडी वर उचलून घेतली. जाळीच्या पुढे एक छोटं भोक असतं, तिथला सेन्सर काढून मी आत कॅमेऱ्याची बारीक नळी सोडली. मोबाईलच्या पडद्यावर चित्र आलं.

ठोकळा होता. भोकं ओळीने, जागच्या जागी. मागे कुणीतरी श्वास सोडला, तो अण्णांचा होता. मग मी नळी थोडी फिरवली. काठापासून जरा आत, ठोकळ्याभोवती एक बारीक रेघ गोल फिरून गेलेली होती. तिच्यापासून आडव्या आणखी दोन. रेघांच्या कडेला पंख्यासारखे पसरलेले काजळीचे डाग होते. धूर भिंतीतून झिरपत नव्हता. सरळ फटीतून निघून जात होता. म्हणूनच फडकं काळं आणि अडथळा शून्य.

‘तडे आहेत,’ मी म्हणाले. ‘ठोकळा आहे, पण तडकलेला आहे.’ मेश्राम लगेच घरी फोन लावत बाहेर गेले, तेव्हा मी पुढे म्हणाले, ‘हा धातू नाही, अण्णा. तापलेली बरणी पाण्यात सोडली तर जे होतं, ते झालंय.’

अण्णांनी पडदा जवळ घेऊन पाहिला. ‘मोबाईलवर काहीही दाखवतात,’ ते म्हणाले. ‘तो डबा खाली काढ, सुभाष.’

डबा काढला. अण्णांनी गॅरेजमध्ये इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, ‘चांगली जाळी आहे का तुझ्याकडे? न फुटलेली?’ सुभाषने कोपऱ्यातून दुसऱ्या गाडीची एक आणून दिली. अण्णांनी लाकडी दांडा मागितला. आधी त्या चांगल्या डब्यावर हलका ठोका दिला आणि कान जवळ नेला. मग आपल्या डब्यावर. पुन्हा चांगल्यावर, पुन्हा आपल्यावर. शेवटी दोन्ही हातांनी डबा उचलून कानाशी हलवला.

मला काही फरक कळला नाही. त्यांना कळला. भांड्याला चीर गेली की त्याचा आवाज बद्द येतो. तांबट ते डोळ्यांनी शोधत नाहीत. अण्णांनी डबा जमिनीवर ठेवला. ठेवताना तो जणू आता फुटेल अशा बेताने ठेवला.

मेश्राम अजून बाहेर फोनवर होते. सुभाष हात धुवायला गेला. अण्णा माझ्याजवळ आले.

‘तुम्ही लिहून देणार ना यांना?’

‘हो.’

‘काय लिहिणार?’

‘जे पाहिलं ते. ठोकळा काढलेला नाही, हे पहिल्या ओळीत येईल. तुम्ही खोटं बोलला नाहीत.’

मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना हायसं वाटेल. सगळा वाद त्यावरच होता.

‘ते राहू द्या,’ अण्णा हळू आवाजात म्हणाले. ‘काढली असंच लिहा.’

‘काय?’

‘आतलं काढून टाकलं, असं लिहा. फसवलं म्हणा हवं तर. पेठेत गाड्या विकताना सगळेच काही ना काही लपवतात, चार दिवस बोलतील आणि विसरतील. पण पिंपळकरांच्या भट्टीवर, माझ्या हातून, वस्तू फुटली... ते लिहू नका. ते कुणी विसरणार नाही. मी पण नाही.’

इतक्या वर्षांत विकणाऱ्यांनी माझ्याकडे बरंच काही मागितलं. लबाडी केली असं लिहा, असं कुणी मागितलं नव्हतं. मी त्यांना मुख्य उपसंपादकांचा नियम सांगितला. पाहिलेलं बदलता येत नाही, ऐकलेलं कुणाकडून ते सांगावं लागतं.

‘मग फोडली म्हणून लिहाल?’

‘फोडताना मी पाहिलं नाही. तडे पाहिलेत. फुटली, एवढंच लिहीन.’

त्यांनी तो शब्द मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिला. ‘फुटली,’ ते म्हणाले. ‘चालेल.’

मराठीची ही एक सोय आहे. काच फुटते, दूध नासतं, बातमी फुटते, निधी संपतो. कुणी काही करावं लागत नाही. टेबलावर आम्ही ही सोय रोज वापरत होतो, आणि ती वापरणाऱ्यांवर रोज संशयही घेत होतो.

गॅरेजमधल्या पत्र्याच्या खुर्चीत बसून मी अहवाल लिहिला. गाडी सर्वसाधारणपणे चांगली. जाळीतील ठोकळा मूळ जागी आहे, काढलेला नाही. ठोकळा फुटलेला आहे, त्यामुळे जाळी निकामी. बदलणे आवश्यक. कागद मेश्रामांना दिला. त्यांनी तो हिशेबाचा माणूस वाचतो तसा वाचला, वरून खाली आणि मग खालून वर.

‘मॅडम, फुटली की फोडली?’

मी सांगितलं, ‘पाहिलं तेवढं लिहिलंय.’

‘हे म्हणजे पार्किंगमध्ये खांब उगवला, असं झालं न. आपोआप कशी फुटेल?’ त्यांनी गॅरेजभर नजर फिरवली आणि ती सुभाषवर थांबली. ‘काढली कुणी? यानं. बसवली कुणी? यानं. हाताळताना आपटली असेल न. आणि आता बोलत नाही.’

‘साहेब, मी बोल्ट सोडले आणि परत लावले,’ सुभाष म्हणाला.

‘मग गप काहून आहात?’

‘विचारलंत तेव्हा बोललो.’

‘तेच तर. जो काही करत नाही तो आधी बोलतो.’

सुभाषने अण्णांकडे पाहिलं नाही. त्याला सगळं माहीत होतं. बसवताना नाही, तरी मघाशी अण्णा डबा कानाशी हलवत होते तेव्हा नक्कीच कळलं असणार. तो फडक्याने एकेक पाना पुसत राहिला. मीही गप्प होते. माझा कागद चूक नव्हता. त्यातल्या प्रत्येक शब्दाला पुरावा होता, आणि त्याच कागदाच्या आधाराने एक निरपराध माणूस गुन्हेगार ठरत होता. असं टेबलावर असतानाही व्हायचं. फरक एवढाच की तिथे तो माणूस समोर पाने पुसत नसे.

‘मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो,’ मेश्राम म्हणाले. ‘या गॅरेजमध्ये जाळ्या आपटतात म्हणून. निदान बाकीचे तरी सावध होतील.’

‘ठेवा तो मोबाईल,’ अण्णा म्हणाले.

ते जमिनीवरच्या डब्याजवळ उभे होते. त्यांनी तो उचलला आणि मेश्रामांच्या समोर आणून धरला.

‘सुभाषने नाही आपटली. आणि आपोआपही नाही फुटली. मी फोडली. तापवून पाण्यात घातली. तांबं समजलो. अख्ख्या आळीला दाखवून केलं आणि वर मिरवलं. पिंपळकरच्या हातून फुटलेली पहिली वस्तू ही. बघायची तर बघून घ्या.’

सुभाषचा हात थांबला. ‘अण्णा, राहू द्या ना,’ तो पुटपुटला.

‘गप रे. तू पाने पूस.’

मेश्रामांनी डबा पाहिला नाही. ते अण्णांकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर अजून संशय होता. सवयीची गोष्ट आहे, एका वाक्याने जात नाही. मग त्यांनी विचारलं, ‘नवी बसवून द्याल?’

‘ती बसवल्याशिवाय किल्ली देणारच नाही.’

‘मग गाडी घेतो मी,’ मेश्राम म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, ‘पुण्यात खांबासमोर उभे राहणारे पाहिले, मॅडम. बाजूला झालेला पहिल्यांदाच पाहिला.’

‘हे खांबाचं काय लावलंय मघापासून?’ अण्णा म्हणाले. त्यांना खांबाची गोष्ट माहीत नव्हती, आणि कुणी सांगितली नाही. त्यांनी माझ्यापुढे हात केला. ‘तो कागद आणा इकडे.’

मी दिला. खिशातून चष्मा काढून त्यांनी तो सावकाश वाचला. जाळीच्या ओळीपाशी आल्यावर ‘फुटलेला’ या शब्दावर बोट ठेवलं. त्या बोटाच्या नखात भट्टीचं काळं होतं.

‘तुमचा नियम काय म्हणालात? ऐकलं ते कुणाकडून, तेही लिहायचं?’

‘हो.’

‘मग ऐकलंत ना आता?’

मी पेन काढलं. अण्णांनी बोट तिथून हलवलं नाही, म्हणून मला त्याच्या शेजारी, समासात लिहावं लागलं. लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचलं, सुभाषलाही वाचायला लावलं, आणि मगच बोट उचललं.